दोन विहिणी, दोन पट्टे आणि इंदापूरचा रस्ता

आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. पालीला भिते, गॅसच्या शेगडीला भिते, आणि गेल्या वर्षी हृदयात स्टेंट बसल्यापासून जिन्यालासुद्धा भिते. अशा बाईनं बारामतीहून इंदापूरला सायकलवर जायचं ठरवलं, याला कारण आमची नात ओवी.

माझा मुलगा ओंकार आणि सून स्नेहल नोकरीमुळं इंदापूरला राहतात. मी गेले की सगळे कसं मायेनं बोलतात! "आई, तुम्ही बसा." "आई, उचलू नका, जड झालीय ती." पोरगी माझ्याकडं बघून हात पसरते आणि तिला दुसरंच कुणीतरी उचलून नेतं. एकदा मी हट्टानं घेतलीच, तर ओंकार माझ्या मागं दोन्ही हात पसरून उभा! म्हणजे मी पडले तर झेलायला. त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर रडले. मग डॉक्टरांना सरळ विचारलं, मी काय करू शकते ते सांगा, काय नको ते पाठ झालंय. ते म्हणाले, "चाला, सायकल चालवा. फक्त नाडी मिनिटाला एकशे तीसच्या वर जाऊ देऊ नका."

सायकल हा शब्द मी घट्ट पकडला. इंदापूरला सायकलवरून जाऊन त्यांच्या दारात उभी राहीन, मग बघू कोण म्हणतंय उचलू नका.

ओंकारनं आधी आकाशपाताळ एक केलं. मग एक अट घातली. सायकलच्या हँडलवर बसणारा एक छोटा कॉम्प्युटर मिळतो, बिनवायरचा. वेग, अंतर दाखवतो, आणि छातीला एक पट्टा बांधला तर नाडीही दाखवतो. "आकडा एकशे तीसच्या वर गेला की तिथंच उतरायचं, मला फोन करायचा, आणि सायकलचं परत नाव काढायचं नाही. शब्द दे." मी शब्द दिला. देताना काही वाटलं नाही, रस्त्यावर आल्यावर कळलं काय कबूल करून बसलेय.

सोबत कोण, हा प्रश्न होता. आमच्या ह्यांचे गुडघे खुर्चीतून उठतानाच वाजतात. तेव्हा स्नेहलच्या आई, म्हणजे माझ्या विहीणबाई शालनताई, कन्हेरीहून फोनवर म्हणाल्या, "मी यीन की. मला बी नात बघायची हाय." शालनताई म्हणजे काटक बाई. पहाटे गोठा, मग ऊस, मग परत गोठा. रोज दूध घालायला सायकलवरच जातात. त्यांच्यापुढं मी म्हणजे भिजलेला पापड.

ओंकारनं दोन कॉम्प्युटर पाठवले, अगदी सारखे. एका विहिणीला दिलं आणि दुसरीला नाही, असं आपल्यात चालतं का?

बारामती ते कन्हेरी

पणदऱ्यापर्यंत दोन-तीनदा सराव झाला होता, तोही आमचे हे स्कूटरवरून मागं मागं येत असताना. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी फक्त कन्हेरीपर्यंत गेले. अंतर थोडकं, मुक्काम विहिणीकडं, म्हणजे दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघींनी निघायचं. जानेवारीचा महिना, उसाचा हंगाम. तुम्ही जाणार असाल तर हे लक्षात ठेवा, की या दिवसांत हवा छान असते आणि रस्ता भयंकर. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, गाणी इतक्या मोठ्यानं लावलेली की तुमचा हॉर्न, घंटी, किंकाळी काहीही ऐकू जाणार नाही. एक ट्रॉली जवळून गेली आणि उसाच्या वाढ्यांनी माझा खांदा झाडून काढला. मी सायकल कडेला लावली आणि पुढच्या दोन ट्रॉल्या जाईपर्यंत उभी राहिले.

कन्हेरीला ओसरीवर बसून मी यंत्रं बसवली. ज्यांना हे करायचंय त्यांना सांगते, भिऊ नका, माझ्यासारखीला जमलं. चाकाच्या एका आरीवर छोटं लोहचुंबक लावायचं आणि पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर सेन्सर. दोघांमध्ये पोस्टकार्डाची जाडी राहील इतकीच फट ठेवायची. घासलं तर आवाज येतो, लांब राहिलं तर वेग शून्य दिसतो. मग चाकाचा घेर यंत्रात भरायचा. टायरवर आणि फरशीवर खडूनं खूण करा, स्वतः सायकलवर बसा, चाक एक पूर्ण फेरी पुढं न्या, परत खूण करा आणि टेपनं मोजा. स्वतः बसूनच मोजा, कारण आपल्या वजनानं टायर दबतो. माझ्या वेळी शालनताईंचे यजमान, आबा, सायकल धरून उभे होते. टायर किती दबला ते त्यांनी पाहिलं, पण सभ्य माणूस, बोलले काही नाहीत.

मग पट्टे. प्रत्येक कॉम्प्युटरला त्याच्या त्याच्या पट्ट्याची ओळख करून द्यावी लागते. एक पट्टा बांधायचा, दुसरा लांब न्यायचा, बटण दाबून धरायचं, आकडा दिसला की झालं. त्यानंतर तो कॉम्प्युटर फक्त त्याच पट्ट्याचं ऐकतो. ओंकार फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होता, तरी सगळं नीट झालं. माझ्या यंत्रात एकशे तीसचा भोंगा लावला. शालनताईंना विचारलं तर म्हणाल्या, "मला कशाला वो भोंगा? मला काय धाड भरलीय?"

रात्री झोप लागली नाही. आपलंच हृदय ऐकत पडले होते.

कन्हेरी ते भवानीनगर

सकाळी शालनताईंनी दोन्ही सायकली धुऊन ठेवलेल्या. नवी वस्तू आणि पूजा नाही, हे त्यांच्या घरात शक्य नव्हतं. हँडलवरच्या कॉम्प्युटरना हळदीकुंकू लागलं (काचेवर लावू नका म्हणेपर्यंत लागलं होतं), चाकाखाली नारळ फुटला. दोन्ही पट्टे तबकात ठेवून ओवाळले. मी ठेवताना लक्षात ठेवलं होतं, उजवीकडचा माझा, डावीकडचा त्यांचा.

"घ्या ताई," शालनताई म्हणाल्या.

"आधी तुम्ही."

"छ्या! तुमी मुलाकडच्या."

"अहो, पण घर तुमचं. आधी तुम्ही."

"असं कसं? मान हाय तुमचा."

आबा वैतागले. "घ्या की कुणीतरी! कवाचं उजाडलं."

शेवटी शालनताईंनी तबक रीतीप्रमाणं फिरवून माझ्यासमोर धरलं. मी उजवीकडचा पट्टा उचलला, आत जाऊन ओला करून कुडत्याखाली बांधला. उरलेला शालनताईंनी बांधला. ओला करायला विसरू नका, कोरड्या पट्ट्याला नाडी लागत नाही.

धुकं होतं. काटेवाडीवरून मोठ्या रस्त्याला लागलो. नवा रस्ता रुंद आहे, कडेला सायकलपुरती जागा आहे, पण चढ-उतार जाणवतात. शालनताई पुढं, मी मागं. माझ्या पडद्यावर पंच्याण्णव, शंभर, एकशे पाच. भवानीनगर येईपर्यंत कारखान्याच्या मळीचा वास नाकात भरला होता आणि मी चक्क गुणगुणत होते. तेवढ्यात भोंगा वाजला.

एकशे अडतीस.

पाय थांबले. मला दम लागला नव्हता, छातीत दुखत नव्हतं, पण हे असंच असतं म्हणतात ना, कळतसुद्धा नाही. मागच्या वेळी तरी कुठं कळलं होतं? मला वाटलं होतं पित्त आहे.

शालनताई मागं वळून माझ्याजवळ थांबल्या. त्याही घोटभर पाणी प्यायल्या.

"काय झालं ताई?"

"काही नाही. तुमचा आकडा किती?"

त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. "ब्याण्णव. आता पंच्याण्णव. शंबर."

बघा. एकाच रस्त्यानं, एकाच वेगानं आलेल्या दोघी. एकीचं हृदय घड्याळासारखं आणि माझं असं. थोड्या वेळानं आकडा उतरला. फोन पर्समध्ये होता. शब्द दिलेला होता. मी फोन काढला नाही.

जंक्शन

जंक्शन हे गावाचं नाव आहे, रेल्वे शोधू नका. इथून उजवीकडं वालचंदनगर, कळंबकडं रस्ता जातो. शालनताईंची मावसबहीण कळंबला दिलेली, तिच्याकडं जाऊ या का असं त्यांनी दोनदा विचारलं. मला वाटलं, माझी दया येऊन विचारतायत. मी म्हटलं, नको, सरळ इंदापूर. नाष्ट्याला गाड्यावर गरमागरम भजी आणि पाव होता, दोघींचं शंभराच्या आत भागलं. मी भजी खाल्ली नाहीत. शालनताईंनीही अर्धी ठेवली. चांगलं राबणारी बाई भजी ठेवते, हे तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. पण मी माझ्याच भीतीत बुडालेली.

जंक्शन सोडल्यावर एक वेगळंच सुरू झालं. शालनताई मागं पडल्या की माझ्या पडद्यावरचा आकडा जायचा आणि नुसत्या दोन रेघा यायच्या. पहिल्यांदा त्या रेघा पाहिल्या तेव्हा माझी पाचावर धारण बसली. दवाखान्यात मशीनवर सरळ रेघ आली की काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मी भर रस्त्यात कुडत्यावरून छाती चाचपली. धडधड होती. म्हणजे मी जिवंत होते. मग शालनताई जवळ आल्या आणि भोंगा कर्कश वाजला. एकशे बावन्न.

"पट्टा सुकला आसंल," शालनताई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते. धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं.

"तुम्ही मागं का राहताय? माझ्यासाठी हळू येऊ नका हो."

"न्हाय न्हाय, चेन कुरकुरतीया. ती बघत हुते."

पुढच्या गावापर्यंत त्यांनी चेन तीन वेळा पाहिली. मला मनातून भरून आलं. मी म्हटलं, किती मोठ्या मनाची बाई, मला कमीपणा वाटू नये म्हणून चेनचं निमित्त करतेय. आणि मी त्यांना फसवत होते. मी भोंगाच बंद करून टाकला. आकडा मात्र दिसत होता आणि माझी नजर रस्त्यावर कमी, त्याच्यावरच जास्त होती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझा ब्रह्मराक्षस काडेपेटीएवढा होता आणि हँडलवर बसून माझ्याकडं बघत होता. मागून ट्रॉली आली की मी त्याला भ्यायचे, ट्रॉली गेली की आकड्याला. घरी फोन केला तर सायकल गेली, ओवी गेली. नाही केला तर मीच जायची. देवा, फक्त इंदापूर येऊ दे, असं म्हणत मी पायडल मारत होते.

निमगाव केतकीच्या अलीकडं

निमगाव केतकी पानमळ्यांचं गाव. रस्त्यालगत पानांचे वेल शेवरीच्या झाडांवर चढलेले दिसतात, खाऊच्या पानांचा वास येतो. थांबून बघण्यासारखं आहे. मी यातलं काहीही धड पाहिलं नाही, परतताना गाडीच्या काचेतून पाहिलं ते लिहितेय.

गावाच्या अलीकडं चिंचेखाली एक चहाची टपरी आहे. तिथं मी सायकल थांबवली. आकडा एकशे साठच्या पुढं होता.

"शालनताई, मला बसायचंय."

"बसू या की," त्या पटकन म्हणाल्या, आणि माझ्याआधी बाकड्यावर बसल्या. मानपान बाजूला ठेवून.

टपरीवाल्यानं पाणी दिलं. सायकली समोरच टेकवलेल्या, पडदा मला दिसत होता. बसलं की आकडा उतरतो, इतकं मला सरावावरून माहीत होतं. हा उतरेना. एकशे अठ्ठेचाळीस झाला, मग सत्त्याण्णव, मग एकदम एकशे पंचावन्न, मग परत नव्वदच्या खाली. जसं कुणी आत बसून वाटेल तसे आकडे फेकतंय. चहा आला तो तसाच राहिला. मी ठरवलं, आता बस. पट्टा काढते, ओंकारला फोन लावते, काय व्हायचं ते होऊ दे.

टपरीच्या मागं आडोशाला जाऊन मी पट्टा सोडला. हातात घेऊन बाहेर आले, सवयीनं पडद्याकडं पाहिलं.

पट्टा माझ्या हातात होता आणि आकडा चालूच होता. एकशे एकोणसाठ.

आधी मला काय झालं सांगू? आनंद झाला! मोठ्यानं हसले. यंत्र बिघडलंय, मी धडधाकट आहे, उगाच सकाळपासून मरत होते! "शालनताई, अहो, हे यंत्रच मेलं..." असं म्हणत मी त्यांच्या सायकलीजवळ गेले. त्यांच्या पडद्यावर दोन रेघा होत्या. पट्टा मी काढला होता आणि आकडा त्यांचा गेला होता.

तबक डोळ्यांपुढं आलं. फिरवून समोर धरलेलं तबक, उजवीकडचा पट्टा डावीकडं गेलेला.

मी हळूच वळून पाहिलं. शालनताई बाकड्यावर ताठ बसल्या होत्या, एक हात बाकाच्या फळीवर घट्ट. ओठ पांढरे पडले होते. मी जाऊन त्यांचं मनगट धरलं. मुठीत चिमणी धरावी तशी नाडी फडफडत होती, मध्येच थांबत होती, परत फडफडत होती. सकाळपासून मी ज्याला भीत होते ते हे होतं, आणि ते माझं नव्हतंच.

"शालनताई, कधीपासून होतंय?"

"काय न्हाय वो. जरा धडधडतंय."

"कधीपासून?"

त्यांनी मान खाली घातली. "दिवाळीपास्नं. येतं नि जातं. ताई, स्नेहलला सांगू नका. पोरीच्या सासरला कळाय नको, का आय आजारी हाय."

"अहो, तिचं सासर म्हणजे मीच!"

"म्हणून तर म्हणते! चला, उठा, हितनं इंदापूर लांब न्हाय. मी चालवत येते." आणि त्या खरंच उठल्या, आणि झोक गेला.

"गप बस, शालन!" मी ओरडले. "बस खाली! एक पाऊल टाकलंस तर बघ!"

टपरीवाला दचकला. मीही दचकले. मुलांचं लग्न ठरल्यापासून या बाईला मी कधी एकेरी हाक मारली नव्हती. शालन खाली बसली. मग तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि म्हणाली, "मला लय भ्या वाटतंय वो."

"मलापण," मी म्हटलं. खरंच वाटत होतं. आधीपेक्षा कितीतरी जास्त.

टपरीवाल्यानं डाळिंबांचे क्रेट नेणारा टेम्पो थांबवला. ड्रायव्हरनं विचारलं, "सायकली बी घ्यायच्या का?" मी म्हटलं, सायकली राहू देत. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे कशा? चढवतो की," आणि दोन्ही वर टाकल्या. इंदापूरपर्यंत शालनचं मनगट माझ्या हातात होतं. मी देवाचं नाव घेत नव्हते, फक्त मोजत होते, आणि चुकत होते. मागं क्रेटवर आडव्या पडलेल्या सायकलीचा पडदा काचेतून दिसत होता. तो आकडा दाखवतोय की रेघा, हे बघायचं धाडस मला झालं नाही.

इंदापूर

दवाखान्यात छातीचा आलेख काढला. हृदयाचे ठोके बेताल पडत होते. अशानं रक्ताची गुठळी होऊन अर्धांगाचा झटका येऊ शकतो, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. औषध सुरू केलं, दोन दिवस ठेवून घेतलं. "वेळेत आणलंत," म्हणाले. मी भिंतीला टेकले आणि पर्समधून फोन काढून ओंकारला लावला.

स्नेहल धावत आली, ओवीला कडेवर घेऊन. आईला बघायला आत जायचं होतं आणि पोरीला आत न्यायची परवानगी नव्हती. तिनं इकडं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. "आई, हिला धरा," म्हणाली आणि ओवीला माझ्या हातात देऊन आत गेली. ओंकार आला तेव्हा मी बाकावर बसले होते आणि ओवी माझ्या खांद्यावर झोपली होती. तो समोर उभा राहिला. हात पसरले नाहीत त्यानं.

परत बारामती

प्रवास अर्धवट राहिला असं लोक म्हणतात. म्हणू देत. जाणाऱ्यांना एवढंच सांगते, धुकं विरल्यावर निघा, अंगात भडक रंगाचं काहीतरी घाला, ट्रॉलीला आधी जाऊ द्या. आणि सोबत असेल तर तिच्या ताटात किती भजी उरली ते बघा.

शालनला डॉक्टरांनी आता हळूहळू सायकलची मुभा दिली आहे. मी दर रविवारी कन्हेरीला जाते, तिथून आम्ही काटेवाडीपर्यंत जाऊन येतो, तेवढंच. मागच्या वेळी ओंकार आला होता. म्हणाला, "द्या दोघींचे पट्टे, जोडणी नीट करून देतो."

शालननं पट्टा दिला नाही. "ऱ्हाऊ दे जावईबापू. माझा आकडा मला दिसला तर मी लपवणार. तुमच्या आईकडंच ऱ्हाऊ दे."

"आणि माझा?" मी विचारलं.

"तुजा मी बघते की. तू काय कमी लपवतीस? भोंगा बंद केलावता न्हवं?"

तर अजून तसंच आहे. भोंगा आता दोन्ही यंत्रांना लावलाय. तिचं हृदय माझ्या हँडलवर, माझं तिच्या. मी अजूनही भिते, दर रविवारी भिते. दहा-बारा पावलांपेक्षा लांब गेलं की आकडा जाऊन रेघा येतात, म्हणून पुढं कोण नि मागं कोण हा प्रश्नच मिटलाय. आम्ही बरोबरीनं चालवतो.